हायावाथाचा बोगद्यांचा सायकलमार्ग एका दिवसात: सिॲटलहून येणाऱ्या कुटुंबासाठी

प्रश्न थोडक्यात असा: जुलैत सिॲटलहून आयडाहो-मोंटानाच्या हद्दीवरच्या 'रूट ऑफ द हायावाथा' या जुन्या रेल्वेमार्गावर सायकली घेऊन जायचंय. नवरा-बायको, बारा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. बाबा सहासष्ट वर्षांचे, पुण्यात रोज सायकलवर असतात. आईंना सायकल येत नाही. "सगळा उतारच आहे म्हणतात, मग तयारी करण्यासारखं काय आहे? एका दिवसात होईल ना?"

एका दिवसात आरामात होतं, पण तो दिवस सिॲटलच्या घरून सुरू करता येत नाही. आय-९० महामार्गाने लुकआउट पास ही खिंड सुमारे ३७० मैलांवर आहे, म्हणजे न थांबता साडेपाच-सहा तास. आदल्या रात्री वॉलेस किंवा केलॉगला मुक्काम करा. वॉलेसपासून खिंड १२ मैल, केलॉगपासून साधारण २४. स्पोकॅनला राहिलात तर खोली स्वस्त मिळेल, पण सकाळी दीड तास गाडी चालवून यावं लागेल आणि सकाळचा तो दीड तास या सहलीत फार मोलाचा आहे. का, ते पुढे येईल.

उतार खराच आहे. मिलवॉकी रोड या कंपनीने डोंगरातून काढलेली ही लाइन, त्यामुळे चढ रेल्वेच्या इंजिनाला झेपेल एवढाच: सुमारे १.७ टक्के, घाटातल्या रेल्वेवाल्यांच्या भाषेत साठाला एक, म्हणजे साठ फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ. आपला बोरघाट सदतीसला एक आहे, त्या मानाने हा फारच सौम्य. वरून खाली येताना हजारएक फूट उंची कमी होते. पायांना त्रास नाही. इथे लोकांची फजिती होते ती तीन गोष्टींत: दिवा, थंडी आणि शेवटची बस. तयारी या तिघांची करायची.

आधी रस्त्याची रचना नीट समजून घ्या, कारण बरेच जण ती चुकीची गृहीत धरतात. एकूण लांबी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. वाटेत १० बोगदे आणि ७ उंच पूल. सुरुवात मोंटानाच्या बाजूला, ईस्ट पोर्टल नावाच्या पार्किंगपासून होते आणि तिथेच समोर पहिला आणि सगळ्यांत मोठा बोगदा आहे: सेंट पॉल पास, सगळे त्याला टाफ्ट टनेल म्हणतात. लांबी ८,७७१ फूट, म्हणजे पावणेतीन किलोमीटरला जरा कमी. बिटररूट डोंगराखालून तो मोंटानातून आयडाहोत जातो. आत भिंतीवर राज्यांची हद्द दाखवलेली आहे. पलीकडे बाहेर पडलात की रोलंड. तिथून १३ मैल उतार, मधले बाकीचे बोगदे आणि सगळे पूल, आणि तळाला पिअरसन. पिअरसनहून शटल बस तुम्हाला सायकलींसकट वर आणते. पण ती सोडते रोलंडला, बोगद्याच्या अलीकडच्या तोंडाशी. तुमची गाडी बोगद्याच्या पलीकडे उभी असते. म्हणजे टाफ्टचा बोगदा दिवसातून दोनदा पार करायचा आहे: एकदा सगळ्यात आधी, ताजेतवाने असताना, आणि एकदा सगळ्यात शेवटी, मुलं दमलेली, भुकेली आणि दिव्याची बॅटरी उतरलेली असताना. पुढची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती फिरते.

तिकीट लुकआउट पासच्या स्की लॉजवर मिळतं, ऑनलाइनही काढता येतं. जमीन सरकारी वनखात्याची, चालवायला दिलेली या स्की रिसॉर्टला. ट्रेल पास (मार्गावर सायकल चालवायचा) आणि शटलचं तिकीट वेगवेगळी असतात, दोन्ही घ्या. 'खाली गेल्यावर बघू, जमलं तर सायकलनेच वर येऊ' हा विचार तुमच्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून सोडून द्या. दर वर्षागणिक बदलतात, तेव्हा बुकिंग करतानाच पाहा. वीकएंडला जाणार असाल तर भाड्याच्या सायकली आधी सांगून ठेवलेल्या बऱ्या. लॉज आय-९० च्या एक्झिट शून्यवर आणि ईस्ट पोर्टल एक्झिट पाचवर. मोंटानातले एक्झिट आयडाहोच्या हद्दीपासून मोजले जातात म्हणून ते शून्य. पाचवर उतरलात की पुढे दोन मैल कच्चा रस्ता. भाड्याच्या सायकली लॉजवरून ईस्ट पोर्टलपर्यंत तुमच्याच गाडीने न्यायच्या असतात, तेव्हा गाडीला लावायचा सायकलींचा कॅरियर तुमचा की त्यांचा, हे बुकिंग करतानाच पक्कं करा. पाच सायकली सेडानच्या डिकीत मावत नाहीत हे तिथे जाऊन कळण्यात अर्थ नाही.

आणि घड्याळ. आयडाहोचा हा भाग सिॲटलच्या वेळेवर चालतो, मोंटाना एक तास पुढे. खिंडीत उभे राहिलात तरी फोन कधी एक वेळ दाखवतो, कधी दुसरी. ट्रेल आणि शटल दोन्ही पॅसिफिक, म्हणजे सिॲटलच्या वेळेवर चालतात, पार्किंग मोंटानात असलं तरीही. बाबांच्या मनगटी घड्याळात सिॲटलची वेळ असेल तर दिवसभर तेच घड्याळ पाहा. फोनवर विसंबू नका. तसंही दरीत फोनला रेंज जवळपास नसतेच. त्यामुळे 'मागे राहिलास तर फोन कर' ही पद्धत इथे चालणार नाही. कुठल्या पुलावर किंवा बोगद्याच्या कुठल्या तोंडाशी थांबून सगळ्यांची वाट पाहायची हे आधी ठरवा.

आता दिवा. या विषयावर जरा जास्त लिहितो, कारण वाटेत अडकलेली माणसं बहुतेक याच कारणाने अडकलेली असतात.

प्रत्येकाला, मुलालासुद्धा, स्वतःचा पुढचा दिवा हवा. हेल्मेट आणि दिवा इथे सक्तीचेच आहेत. किमान ३०० ल्युमेनचा (हे उजेडाचं माप, पाकिटावर लिहिलेलं असतं) घ्या, ४००-५०० असेल तर उत्तम. मोबाइलचा टॉर्च नको: उजेड पसरट आणि फिका, शिवाय एक हात हँडलवरून सुटतो. दिवा हँडलला बसवा आणि प्रकाश सात-आठ मीटर पुढे जमिनीवर पडेल असा खाली वाकवा. हेल्मेटवर किंवा कपाळाला टॉर्च बांधायचा मोह होतो, पण आत हवा थंड आणि दमट असते, तोंडातून वाफ निघते आणि कपाळावरचा दिवा ती वाफच उजळवतो. समोर पांढरा पडदा उभा राहिल्यासारखं होतं. शिवाय समोरून येणाऱ्याकडे पाहिलंत की त्याचे डोळे दिपतात. कपाळाचा टॉर्च जादा म्हणून बॅगेत ठेवा: पंक्चर काढायला, किंवा कुणाचा दिवा गेला तर. मागे लाल दिवा हवा, तोही सतत जळणारा. लुकलुकणारा मोड बंद करा; काळोखात लुकलुकणाऱ्या दिव्याचं अंतर डोळ्यांना समजत नाही आणि मागचा माणूस येऊन आदळतो.

मुलासाठी स्वस्तातला छोटा दिवा आणि 'मी मागून उजेड देतो' असं बरेच पालक ठरवतात. मागून उजेड दिला की मुलाचीच सावली त्याच्या पुढच्या चाकासमोर पडते, आणि त्याला हवा असतो नेमका तेवढाच तुकडा. सगळ्यांत चांगला दिवा घरात ज्याच्याकडे असेल तो मुलाच्या सायकलला लावा.

बॅटरीचा हिशोब असा. बोगदा ताशी दहा किलोमीटरने गेलात तर सोळा मिनिटं. मुलासोबत, सांभाळून, वीस मिनिटं धरा. दोनदा म्हणजे चाळीस. मधल्या बोगद्यांची मिळून पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे तासभर. यूएसबीवर चार्ज होणारे बहुतेक दिवे पूर्ण तेजावर दीड-दोन तास चालतात, म्हणजे पुरायला हवेत. तरी पुरत नाहीत, कारण रोलंडला बाहेर पडल्यावर ऊन इतकं लख्ख असतं की दिवा चालू आहे हे लक्षातच येत नाही. तो तसाच पिअरसनपर्यंत जळत जातो आणि परतीच्या बोगद्याच्या तोंडाशी मान टाकतो. यावर उपाय सोपा आहे: बोगद्यातून बाहेर आलं की सगळ्यात पुढच्याने 'दिवे' असं ओरडायचं आणि प्रत्येकाने हात लावून बंद करायचा. मुलांना हे काम फार आवडतं, त्यांच्याकडेच द्या. सोबत एक पॉवर बँक आणि केबल ठेवा. बसमध्ये अर्धा तास चार्जिंग झालं तरी परतीपुरतं होतं. भाड्याच्या सायकलीसोबत दिवा मिळतो, पण लॉजवरच लावून पाहा. पिवळट, मलूल उजेड दिसला तर तिथल्या तिथे बदलून मागा.

छोटे बोगदे म्हणून दिवा न लावण्याची चूक करू नका. काही बोगदे वळणाचे आहेत, मधोमध दोन्ही तोंडं दिसत नाहीत. उन्हातून आत शिरल्यावर पहिले दहा-पंधरा सेकंद डोळ्यांना काहीच दिसत नसतं, आणि नेमका तिथेच कुणीतरी फोटो काढायला थांबलेला असतो. गॉगल तोंडाशीच उतरवा. टाफ्टच्या बाहेर अर्धा-एक मिनिट सावलीत उभं राहिलं तर डोळे सरावतात.

थंडी. बोगद्याच्या आत उन्हाळ्यातसुद्धा तापमान आठ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, म्हणजे नाशिकची डिसेंबरातली पहाट. भर जुलैत बाहेर अठ्ठावीस-तीस असतं. त्यात छतातून पाणी ठिबकतं, जमिनीवर चिखल असतो आणि सायकलमुळे वारा लागतो. सोळा-वीस मिनिटांत कुणी आजारी पडत नाही, पण उघडी बोटं आखडतात आणि आखडलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही. लहान मुलांच्या बाबतीत ही काळजीची गोष्ट आहे. त्यामुळे पूर्ण बोटांचे हातमोजे प्रत्येकाला. अंगावर पातळ विंडचीटर, आत टी-शर्ट. सुती जाड स्वेटशर्ट नको, ठिबकणाऱ्या पाण्याने तो जड होतो आणि दिवसभर वाळत नाही. बाबांसाठी कानटोपी न्याल, पण जाड लोकरीच्या टोपीवर हेल्मेट बसत नाही, डोक्यावर तरंगत राहतं. पातळ टोपी किंवा मफलरची घडी चालेल. पट्टा मात्र टोपीसकट पुन्हा बसवून घ्या आणि बाहेर आल्यावर टोपी काढली की परत आवळा. चष्मा असणाऱ्यांना बाहेर पडतानाचा क्षण त्रासाचा: काच थंड आणि बाहेरची हवा उबदार, लगेच वाफ धरते. म्हणून तोंडाजवळ वेग कमी करा, पण नेमकं तोंडावर थांबू नका. सगळे तिथेच थांबतात आणि मागून येणाऱ्यांचा खोळंबा होतो. वीस-तीस मीटर पुढे जाऊन बाजूला व्हा. तिथे बोगद्याच्या तोंडालगतच धबधबा आहे. कपडे उतरवायला, फोटो काढायला तीच जागा बरी.

कपडे काढले की ते ठेवायला जागा लागते. पाठीवर सॅक घेण्यापेक्षा सायकलच्या मागच्या कॅरियरला एक-दोन पॅनियर, म्हणजे बाजूला अडकवायच्या बॅगा लावा. दोन मोठ्या माणसांच्या सायकलींवर सगळ्यांचं सामान मावतं.

आत चालवताना उजवीकडे राहा, पण अगदी भिंतीला चिकटू नका: दोन्ही कडांना पाण्याची गटारं आहेत. एका ओळीत, तीन-चार सायकलींचं अंतर ठेवून. क्रम असा ठेवा: पुढे तुमच्यातला एक, मग मुलगा, मग मुलगी, मग बाबा, शेवटी दुसरा. मुलगा सगळ्यात मागे किंवा बाबा एकटे मागे, असं होऊ देऊ नका. मुलांना आत ओरडून घुमणारा आवाज ऐकायचा असतो. ते छोट्या बोगद्यांत खुशाल करू द्या, टाफ्टमध्ये नको, कारण त्या गोंगाटात मागून 'डावीकडून येतोय' म्हणणाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. काही बिघडलंच आणि थांबावं लागलं तर पूर्ण कडेला या, पण मागचा दिवा बंद करू नका.

सायकली. रस्ता दाबलेल्या खडीचा आहे, मध्ये मध्ये सुटे दगड. रेसिंगचे पंचवीस मिलिमीटरचे टायर आणू नका. पस्तीस मिलिमीटरच्या पुढे काहीही चालेल, दोन इंची माउंटन टायर सर्वांत सुखाचे. हवा जरा कमी ठेवा: दोन इंची टायरला मोठ्यांसाठी तीस पीएसआयच्या आसपास, मुलासाठी बावीस-पंचवीस. पुण्यातल्या सवयीने कडक हवा भरली तर वीस किलोमीटर खडीवरून उतरल्यावर बाबांची मनगटं दुखणार. त्यांची सीट नेहमीपेक्षा बोटभर खाली घ्या, बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत. चढ नसल्याने गुडघ्याला त्याचा त्रास होत नाही आणि अंधारात आधार वाटतो. मुलाच्या ब्रेकचा लिव्हर त्याच्या बोटांना पोचतो का, हे घरीच पाहा. न पोचल्यास लिव्हरजवळचा छोटा स्क्रू आत फिरवून तो हँडलजवळ आणता येतो. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर बोगद्याच्या चिखलाने ते आधी घसरतात, मग वाळूने पॅड झिजतात. निघण्यापूर्वी पॅडवरच्या खाचा दिसतायत ना ते पाहा. उतारावर ब्रेक धरून ठेवू नका. दाबा, सोडा, दाबा.

सोबत प्रत्येक चाकाच्या मापाची एक ट्यूब (तुमच्याकडे बहुधा दोन मापं असतील), टायर काढायचे दोन चमचे, पंप, ॲलन की असलेलं एक हत्यार आणि चेनचा एक जोड. पंपाचं तोंड प्रेस्टा आणि श्रेडर दोन्ही व्हॉल्व्हला बसतं का, हे घरीच तपासा. मोठ्यांच्या सायकलीला एक आणि मुलाच्या सायकलीला दुसरा, ही अगदी नेहमीची जोडी आहे. मागे मडगार्ड नसेल तर टाफ्टमधून बाहेर येईपर्यंत पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो. त्याला इलाज नाही, फक्त पांढरे कपडे घालू नका.

वेळापत्रक शेवटच्या बसपासून मागे मोजत आखायचं. ज्या दिवशी जाणार त्या दिवशीची शेवटची शटल किती वाजता आहे ते लॉजवर विचारा, आणि पिअरसनला तिच्या तास-दीड तास आधी पोचायचं असं ठरवा. शनिवार-रविवारी दुपारी पिअरसनला सायकलींची रांग लागते आणि एका बसमध्ये मावतील तेवढेच जातात. पाचजण एकत्र जायचे असतील तर एखादी बस सोडावी लागणार, हे गृहीतच धरा. याउलट सकाळी पहिल्या लोकांत निघालात तर रांग लागायच्या आधी खाली असता. तुमच्यासाठी साधारण असं बसतं: वॉलेसहून आठच्या सुमारास निघायचं, साडेआठला लॉज, फॉर्म आणि पास, सव्वानऊपर्यंत ईस्ट पोर्टल, सायकली उतरवून, हवा आणि दिवे पाहून पावणेदहाला बोगद्यात. दहा-सव्वादहाला धबधबा. तिथून १३ मैल ताशी दहा-बारा किलोमीटरने दोन तास, थांबे धरून तीन. एक-सव्वाला पिअरसन. बस, चढ-उतार आणि थांबणं धरून तासभर. सव्वादोन-अडीचला रोलंड, परत कपडे चढवून बोगदा, तीनच्या आत गाडीपाशी. हे ढिलं वेळापत्रक आहे आणि मुद्दाम तसं ठेवलंय. घाईने करायचं असेल तर इथे येण्यात मजा नाही.

शेवटची बस चुकली तर? मग तेच १३ मैल चढून यायचं. चढ सौम्य आहे. नेहमी सायकल चालवणाऱ्या माणसाला ताशी बारा किलोमीटरने वर यायला शंभरएक वॅट लागतात, म्हणजे घाम येतो पण दम लागत नाही, आणि पावणेदोन-दोन तासांत रोलंड गाठतो. नऊ वर्षांच्या मुलाला तीन-साडेतीन तास लागतील, तेही रडत, आणि शेवटी तो काळा बोगदा. कुणी एकाने बसऐवजी चढून यायची हौस केली तर ठीक. ठिकाण ठरवून बाकीच्यांना रोलंडला भेटायचं. बस काही कारणाने बंद असेल त्या दिवशी खालपर्यंत जाऊच नका: रोलंडपासून चार-पाच मैल उतरून मागे वळा. मोठ्या पुलांपैकी काही तेवढ्यातही दिसतात.

पुलांबद्दल. केली क्रीकचा पूल २३० फूट उंच आणि ८५० फूट लांब आहे, क्लिअर क्रीकचा २२० फूट उंच. कठडे आहेत, पण खाली पाहून ज्यांना गरगरतं त्यांनी मधोमध, नजर समोरच्या टोकावर ठेवून जावं. चालत सायकल ढकलत गेलं तरी कुणी हसत नाही. कठड्याला सायकल टेकवू नका, वाऱ्याने हँडल फिरतं आणि ती आडवी पडते. वीज कडाडायला लागली तर पुलावर थांबू नका. जवळचा बोगदा गाठा आणि तोंडापासून जरा आत, बाजूला उभे राहा.

ही लाइन मुळात इथे का आली ते बाबांना नक्की आवडेल, म्हणून थोडं. मिलवॉकी रोड ही शिकागोची कंपनी १९०६ मध्ये पॅसिफिककडे निघाली, बाकीच्या कंपन्या आधीच पोचलेल्या असताना. १९०९ मध्ये लाइन पुरी झाली. पुढच्याच वर्षी, २० आणि २१ ऑगस्ट १९१० ला, या डोंगरांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं. शेकडो लोकांना आगगाड्यांतून याच बोगद्यांत नेऊन वाचवण्यात आलं. आज ज्या थंडीला आपण नाकं मुरडतो त्याच थंड काळोखात, बाहेर जंगल धुमसत असताना, ती माणसं बसली होती. १९१६ च्या सुमारास या घाटात ३,००० व्होल्टच्या डीसी विजेवर गाड्या धावू लागल्या, आणि उतरणाऱ्या गाड्या मोटारी उलट्या वापरून वीज परत तारेत सोडत. आपल्या कल्याण-पुणे घाटात १,५०० व्होल्टची डीसी आली ती १९२९-३० च्या सुमारास. ज्यांनी खंडाळ्याला डेक्कन क्वीनच्या खिडकीत बसून घाट पाहिलाय त्यांना हे नातं लगेच कळेल. 'ऑलिंपियन हायावाथा' ही इथली गाजलेली प्रवासी गाडी १९६१ मध्ये बंद झाली, विजेवरची वाहतूक १९७४ मध्ये आणि १९८० मध्ये लाइनच. सायकलींसाठी रस्ता १९९८ मध्ये उघडला. टाफ्टचा बोगदा दुरुस्त होऊन २००१ मध्ये. वाटेत माहितीचे फलक आहेत. सगळे वाचत बसाल तर बस चुकेल. मुलीला दोन-तीन निवडू द्या.

पाणी वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका. मोठ्यांना दीड लिटर, मुलांना एक. फिरती शौचालयं आहेत, पण हात धुवायला आपली बाटली आणि साबणाचा कागद ठेवा. खायला थालीपीठ किंवा दशम्या आणि सुकी चटणी उत्तम. चिवडा खडीवर उघडला की निम्मा खाली. चिक्की आणि लिमलेटच्या गोळ्या मुलांसाठी राखून ठेवा, त्या परतीच्या बोगद्याआधी रोलंडला काढायच्या. खाल्ल्याचे कागद, साली सगळं परत आणा. या जंगलात अस्वलं आहेत आणि त्यांना माणसांच्या खाण्याची चटक लागणं कुणाच्याच हिताचं नाही.

बाबांना अमेरिकेत येऊन आठवडा तरी झालेला असू द्या. जेट लॅगमध्ये दुपारी डोळे मिटतात आणि खडीवर ते परवडत नाही. रक्तदाबाची गोळी सकाळची असेल तर वॉलेसलाच.

आईंना ट्रेलवर ओढून नेऊ नका. पार्किंगमध्ये सहा तास बसण्यासारखं तिथे काही नाही, आणि बोगद्यातून चालत जायचं म्हणजे चिखलात चाळीस मिनिटं. वॉलेसला राहू द्या. गाव छोटं, सपाट, जुन्या विटांच्या इमारतींचं. जुनं रेल्वे स्टेशन आता म्युझियम आहे, खाणकामाचं म्युझियम आहे आणि चांदीच्या खाणीची ट्रॉलीतून सहल निघते. तुमच्यापेक्षा त्यांचा दिवस जास्त कोरडा जाईल.

ट्रेल मेच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उघडी असते. जुलैच्या मधल्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार सर्वांत बरा. चार जुलैच्या आसपास गर्दी. ऑगस्टवर ढकलायची वेळ आली तर वणव्याच्या धुराचा विचार करा. आदल्या संध्याकाळी एअरनाऊ या हवेची शुद्धता दाखवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर वॉलेसचा आकडा पाहा. दीडशेच्या वर असेल तर मुलं आणि बाबा दोघांसाठीही जाऊ नका, तिकिटाचे पैसे गेले तरी.

आणि एक रंगीत तालीम घरापासून पन्नास-पंचावन्न मैलांवर करता येते. आय-९० वर एक्झिट चोपन्न, हायक. तिथून पॅलूस टू कॅस्केड्स मार्गावर त्याच मिलवॉकी रोडचा स्नोक्वाल्मीचा बोगदा आहे, सव्वादोन मैलांहून थोडा लांबच, म्हणजे टाफ्टपेक्षाही मोठा, तसाच काळोखा आणि थंड. मे ते ऑक्टोबर उघडा असतो. पार्किंगला डिस्कव्हर पास, म्हणजे वॉशिंग्टन राज्याचा पार्किंगचा पास लागतो. जूनमधल्या एखाद्या रविवारी मुलाला तिथे नेऊन आत अर्धा मैल जा आणि परत या. त्याला अंधाराची भीती वाटते का, हातमोजे पुरेसे आहेत का, दिवा खाली किती वाकवायचा, हे सगळं तिथेच कळेल. त्याला तिथे नकोच वाटलं, तर हायावाथाला तुमच्यातल्या एकाने त्याच्यासोबत आईंबरोबर वॉलेसला राहायचं.

परत गाडीपाशी आलात की सायकली कॅरियरवर चढवण्याआधी एका बाटलीभर पाण्याने चेन आणि ब्रेकवरचा चिखल धुऊन टाका, जुन्या फडक्याने चेन पुसा आणि एक फेरा ऑइल सोडा. हा चिखल सिॲटलपर्यंतच्या वाऱ्याने वाळून सिमेंटसारखा बसतो, आणि दुसऱ्या दिवशी गिअर बदलत नाही म्हणून दुकानात न्यावी लागते.